दाराला लावलेलं डंबेल

माझ्या मुलीचा व्यायाम मी बंद पाडला. तिच्या पाठीमागे, खोटं बोलून.

तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. शिकवण्यांच्या पैशांतून तिने उल्हासनगरच्या बाजारातून डंबेलची एक जुनी जोडी आणली होती आणि संध्याकाळी ती जवळच्या जिममध्ये जायची. एकदा शेजारच्या गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. "काय हो, पोरीला पैलवान करताय की काय? मग जावई पण आखाड्यातनंच आणा." ते हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मात्र जिमच्या मालकाला जाऊन सांगितलं, की तिच्या पाठीत दोष निघालाय, डॉक्टरांनी वजनं उचलायला मनाई केली आहे, तिला घेऊ नका.

त्या संध्याकाळी ती लवकर परत आली. "बाबा, माझ्या पाठीला काय झालंय?"

मी पेपरातून मान वर केली नाही. तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली आणि परत आत गेली. मुलीने पुन्हा विचारलं नाही. एक डंबेल तिने बाल्कनीच्या दाराला लावून ठेवलं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. दुसरं कुठे गेलं हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

आता मी बदलापूरला, बेलवलीत एकटा राहतो. बायको गेली. मुलगी लग्न होऊन नागपूरला आहे. ते डंबेल सामानाबरोबर इथे आलं आणि इथल्याही दाराला लागलं. मुलीचा रविवारी फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. हो, हो. मग फोन ठेवला जातो.

गेल्या हिवाळ्यात कुळगावला एका नातेवाइकांकडे पूजेला गेलो होतो. जेवायला जमिनीवर पंगत होती. जेवण झालं, सगळे हात धुवायला उठले आणि मला उठताच येईना. पानातली कोशिंबीर उगाच चिवडत बसलो. शेवटी दोघांनी काखेत हात घालून मला उभं केलं. डॉक्टर म्हणाले, "चालता ते ठीक आहे, पण पायांत ताकद उरलेली नाही. ती कमवावी लागेल."

म्हणून या वयात जिम. तिथल्या ट्रेनर बाईंनी पहिल्या दिवशी मला वजनाला हातही लावू दिला नाही. "काका, या खुर्चीवर बसा. आता हात न टेकता उठा. आणि श्वास रोखू नका." थोड्याच वेळात माझे पाय लटपटायला लागले. शेजारी माझ्याच वयाचे, सुटलेल्या पोटाचे एकजण होते. ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. मी तर पहिल्या दिवशी उलटी केली होती."

काही आठवड्यांनी बाईंनी विचारलं, "घरी एखादं वजन आहे का?"

"आहे. दाराला लावलंय."

"मग दाराला वीट लावा, काका."

घरी येऊन मी ते डंबेल उचललं. खाली फरशीवर गंजाचा डाग होता. मागे दार धाडकन आपटलं. "काय पडलं?" असं विचारायला घरात कुणी नव्हतं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे डंबेल छातीशी धरून मी खुर्चीवर बसत-उठत राहिलो.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आल्या होत्या. कठडा धरून एकेक पायरी उतरताना मला चक्क हसू आलं. दुखत होतं, पण हे दुखणं आजारपणाचं नव्हतं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आणि एकदम आठवलं, अंबरनाथच्या जिन्यातून ती अशीच कठडा धरून, हसत उतरायची. "बाबा, आज पाय गेले कामातून!" मी म्हणायचो, "मग कशाला करतेस?" ती मला दुखणं सांगत नव्हती, आनंद सांगत होती. तो मी तिच्याकडून काढून घेतला होता, जिन्यातल्या एका हसण्यापायी.

रविवारची वाट न बघता मी तिला फोन लावला.

"काय झालं बाबा? बरे आहात ना?"

"बरा आहे. तुझं डंबेल उचलतोय सध्या."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिने विचारलं, "वाकताना पाठ सरळ ठेवता ना?"

जुनं काही न काढता तिने मला अलगद सुटू दिलं होतं. आता पाठीबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत बसलो असतो आणि फोन ठेवला असता.

"ठेवतो," मी म्हणालो. "पण आधी ऐक. तुझ्या पाठीला काहीही झालेलं नव्हतं. जिममध्ये जाऊन मी खोटं सांगितलं. तू विचारलंस तेव्हा पेपरात तोंड लपवलं. लोक हसतील म्हणून घाबरलो होतो, आणि तुला थांबवलं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."