ठेवायला दिलेला बैल

खेळणं माझं नव्हतंच, हे आधीच सांगून टाकते. लोक आपापल्या बाहुल्या नि भोवरे आठवून हळवे होतात. मी हळवी होते ती दुसरीच्या बैलावरून. लाज वाटायला हवी, आणि वाटतेही.

बैल पांगाऱ्याच्या लाकडाचा होता, वीतभर लांब. वाडीवरच्या माझ्या मैत्रिणीच्या बापाने कोयत्याने कोरून तो तिला करून दिला होता. आमचं गाव मुरबाडच्या अंगाला, आणि तिची वाडी आमच्या शेतापलीकडच्या टेकाडावर. त्यांना स्वतःची जमीन नव्हती. तिचे आईबाप आमच्या लावणीला, कापणीला यायचे आणि दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर जायचं, ते पाऊस तोंडावर आला की परत. आम्ही दोघी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या असू.

भट्टीचा ट्रक वाडीखाली येऊन उभा राहिला, त्या सकाळी ती धावत आमच्या अंगणात आली. बैल फडक्यात गुंडाळलेला.

"भट्टीवर पोरं मोडतील गो. तू ठेव. मी आले का दे."

मागून तिचा बाप आला, हसत हसत. मी बैल उलटसुलट करून बघत होते, तेव्हा म्हणाला, "शेपूट नाय लावला आजून. पुढल्या साली याचा जोडीदार करीन, मंग दोघांना एकदम लावीन." बैलाच्या गळ्यात पितळेचं घुंगरू होतं, म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं. ते एकदा वाजवून तो ट्रककडे गेला.

पुढचे पाच-सहा महिने तो बैल माझा झाला. ठेवायला दिलाय हे मी विसरूनच गेले म्हणा ना! अंगणात धुळीत नांगरट केली, ओटीवर त्याचा गोठा केला, रात्री उशाशी घेतला. मला घरात बाहुली होती, तालुक्याहून आणलेली, डोळे मिटणारी. तिला मी ढुंकून विचारलं नाही.

अडचण एकच, माझा धाकटा भाऊ. हाताला लागेल ते मोडायचं हा त्याचा धंदा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला दोन दिवस मामाकडे सापगावला जायचं होतं. बैल कुठे ठेवावा? पेटीत ठेवला तर हा पेटी उघडणार, माळ्यावर ठेवला तर चढणार. मग मी डोकं लढवलं. आणि डोकं तरी काय माझं! मागच्या दारी कवळाचे भारे रचलेले होते. कवळ म्हणजे ऐनाच्या, किंजळीच्या पाल्यासकट तोडलेल्या डहाळ्या, राबासाठी वाळवलेल्या. खालच्या भाऱ्यात हात कोपरापर्यंत घालून मी बैल आत सारला. तिथे काटक्या टोचतात, भाऊ हात घालणार नाही, एवढं मला कळलं. शेतकऱ्याची पोर असून राब कधी भाजतात हे मात्र कळलं नाही.

मामाकडून परत आले तर मागचं दार मोकळं. भारे शेतात गेले होते. जिथे भाताचं बी पेरायचं तिथे शेण, कवळ, पेंढा, पातेरा असे थरावर थर पसरून सकाळीच राब भाजून झाला होता. जमीन काळी, मधूनमधून अजून धुमसत होती. मी बांधावर उभी राहिले. कोणाला विचारणार? काय विचारणार?

ती परत आली तेव्हा केसांत भट्टीची लाल धूळ तशीच होती. घरीसुद्धा न जाता माझ्याकडे आली असावी. हात पुढे केला नि म्हणाली, "दे."

"काय?"

"बैल."

"तू कुठे दिलास? तू तर भट्टीवर घेऊन गेलीस."

"नाय गो. तुला दिलता. फडक्यात."

"नाही दिलास."

तीनदा म्हटलं मी ते. तिसऱ्यांदा म्हणताना तर मलाच खरं वाटायला लागलं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, आपलंच काहीतरी चुकलं असावं तशी. मग वाडीकडे पळाली. संध्याकाळी मी शेताच्या टोकाला जाऊन पाहिलं, तर तिची आई झोपडीबाहेर एकेक गोधडी झटकत होती आणि ती पोर वाकून जमिनीवर शोधत होती.

त्या पावसाळ्यात त्याच राबातलं आवण, म्हणजे भाताचं रोप, खणायला आम्ही सगळे बसलो. ती रोज माझ्या शेजारी येऊन बसायची. मुठी बांधायची, बोलायची नाही. मी मनात म्हटलं, विसरली वाटतं. सुटले!

पुढच्या वर्षी तिचा बाप भट्टीवरून परत आलाच नाही. तिथेच तापाने वारला, एवढंच आमच्याकडे कळलं. मी चुलीमागे बसून रडले, आणि आईला वाटलं पोरगी किती मायाळू.

मग माझं लग्न झालं, शहापूरला आले, संसाराच्या रगाड्यात वर्षं गेली. माहेरी गेले की ती रस्त्यात दिसायची, हसायची. मी एसटी चुकेल म्हणून घाई करायचे. किती एसट्या चुकायच्या बाकी होत्या माझ्या, देव जाणे.

या चैत्रात भावाचा फोन आला. "ताई, यंदापासून राब बंद. रोपं तयारच आणतोय." त्याने सहज सांगितलं, पण मला तो बैल दिसला. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडून गेले. राबाच्या जागेवर नुसतं वाळलं गवत. मी चपलेच्या टोकाने माती उकरत उभी.

"काय हरवलंय?" भाऊ म्हणाला.

"तुझं डोकं," म्हटलं, आणि तशीच टेकाड चढले.

ती घरकुलाच्या ओट्यावर मोहाची फुलं वाळत घालत होती. केस पांढरे झालेले, दात दोन गेलेले. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. भारा, मामाचं घर, राब, खोटं बोलणं. सांगताना आवाज पोरीसारखा चिरकला माझा.

ती फुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय. आवन खनताना घुंगरू घावलं. काळं पडलं व्हतं."

"तेव्हाच? माझ्या शेजारी बसून?"

"हां. कनवटीला लावलं."

"मग बोलली का नाहीस गं? शिव्या तरी द्यायच्यास!"

"बापाला दाखवलं. तो म्हनला, गप ऱ्हा. त्यांच्या शेतावर कामाला जायाचं हाय आपल्याला."

मी आता ओट्यावर बसले. इतकी वर्षं मी समजत होते, गुपित माझं आहे.

"कुठाय ते घुंगरू?"

"पोरीच्या पायात बांधलं. मंग शेळीच्या गळ्यात. शेळी डोंगरात गेली ती आलीच नाय." ती हसली. मग हात थांबवून माझ्याकडे वळली. "तू लय दिस खेळलीस त्याच्याशी. मी चारच दिस. कसा व्हता गो तो? बापाच्या हातचं दुसरं कायच नाय माझ्यापाशी, नि मला त्याचं तोंड आठवत नाय."

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. डोळ्यांना गुंजा बसवलेल्या, डावी जरा खाली, म्हणून तिरळा दिसायचा. शिंगं आत वळलेली, उजवं आखूड. वशिंडावर कोयत्याचा एक घाव जास्त बसलेला, तिथे अंगठा बरोब्बर बसायचा. ती अंगठा बोटांवर घासत ऐकत होती.

"आनि शेपूट?"

"शेपूट नव्हतं," मी म्हटलं. "जोडीदार झाला की दोघांना एकदम लावणार होता ना तो."

"हां," ती म्हणाली. "म्हनला व्हता खरा." आणि पदर तोंडाला लावून ती आठ वर्षांच्या पोरीसारखी रडली.