ज्यानं पाहिलं त्याचं नाव

छापखान्यातले लोक त्यांना तोंडावर चाचा म्हणत आणि पाठीमागं 'पाहिलंस-का' म्हणत. कारण काहीही सांगायला जा, म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून आधी तेच विचारायचा. शिलाईवाल्या बाईचा नवरा पळाला म्हणावं, तर "पाहिलंस का?" पलीकडच्या गल्लीत आग लागली म्हणावं, तर "पाहिलंस का? नाही? मग कुणी सांगितलं? त्यानं तरी पाहिली का?" आग विझून जायची, पण चाचांचे प्रश्न संपायचे नाहीत. एकदा बांधणीखात्याचा फोरमन वैतागून म्हणाला, "चाचा, तुमच्या लग्नाला तरी साक्षीदार होते का?"

"दोन होते," चाचा म्हणाले. "एक ठार बहिरा, दुसरा जेवायला कधी वाढतात तिकडं डोळे लावून बसलेला. म्हणून तर बायको मरेपर्यंत म्हणायची, मी हो म्हटलंच नव्हतं."

एक्केचाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली. छापखाना धार्मिक शाळांची पुस्तकं काढायचा. चाचांची खोली दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. एक टेबल, एक नळीचा दिवा, काजळल्या काचेची खिडकी, आणि दार उघडलं की समोर मालाच्या लिफ्टची जाळी. दाराकडं पाठ करून ते बसायचे, कारण दिव्याचा उजेड तिकडून यायचा.

त्यांचं खरं काम मजकुरापेक्षा नावांचं होतं. पैगंबरसाहेबांविषयीची प्रत्येक हकिगत, म्हणजे रिवायत, नावांच्या माळेत ओवलेली येते. याला त्यानं सांगितलं, त्याला त्यानं, त्याला अमक्यानं, आणि अमक्यानं ते स्वतः पाहिलं किंवा ऐकलं. माळेतलं एक नाव गळालं की हकिगत लंगडी. आणि 'एका माणसानं सांगितलं' असं बिननावाचं कोणी घुसलं, तर तिची किंमत आणखी उतरते. चाचा नावांवर बोट ठेवत जायचे, गहू निवडणाऱ्या बाईसारखे. एक खडा सुटला नाही कधी.

त्या साली एक धडा चंद्र दुभंगल्याचा होता. मक्केच्या लोकांनी खूण मागितली आणि चंद्राचे दोन तुकडे झाले. एक डोंगराच्या अल्याड, एक पल्याड. धड्यात चमत्कार दोन ओळींत आटोपला होता आणि पुढं चार पानं कुणी-कुणी सांगितलं याचीच होती. चाचांना हा धडा फार आवडायचा. घरी जेवताना ते मुलाला सांगत बसायचे. मुलगा त्याच छापखान्यात तळमजल्यावर होता, छापलेले फर्मे, म्हणजे न दुमडलेले मोठे ताव, लिफ्टनं वर चढवायच्या कामावर. अठ्ठावीस वर्षांचा, रुंद पाठीचा, बापाची टर उडवणारा.

"अब्बा, तुमच्या माळेतले हे अनस तर तेव्हा मदिनेत होते ना? आणि लहान. त्यांना कसा दिसला?" तो विचारायचा.

"दिसला असं ते म्हणतात कुठं? झालं असं म्हणतात. पाहिलेल्यांकडून ऐकलं. इब्ने अब्बास तर जन्मलेही नव्हते. पण ज्यांच्याकडून ऐकलं ती माणसं खोटं बोलणारी नव्हती, म्हणून विद्वानांनी मानलं. पाहिलं म्हणतात ते इब्ने मसऊद. ते तिथं उभे होते. त्यांना पैगंबरसाहेब म्हणाले, साक्षी राहा."

"आणि ज्यांना पटलं नाही ते?"

"ते म्हणाले, ही नजरबंदी आहे. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, आपल्यावर जादू केली असेल, साऱ्या जगावर कशी करील? बाहेरून येणाऱ्या वाटसरूंना विचारा. वाटसरू आले. त्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्हीही पाहिलं."

"तरी पटलं नाही?"

"तरी नाही."

"मग विचारलं कशाला?" मुलगा ताट ढकलत म्हणायचा, आणि सून पदराआड हसायची. ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती. दिवसभर रक्ताच्या चादरी बघून आलेल्या बाईला नवऱ्याचा हा पोरकटपणा औषधासारखा लागायचा.

एका बुधवारी, सकाळी साडेदहाला, चाचा दाराकडं पाठ करून त्याच धड्याचं शेवटचं प्रूफ बघत होते. मागं जाळीत सळसळ झाली, चाबूक ओढावा तशी, आणि मग खालून असा आवाज आला की टेबलावरची दौत उडाली. चाचा कठडा धरत, एकेक पायरी करत दोन मजले उतरले. जाळीशी खाली फर्म्यांचा ढीग पडला होता, पांढराशुभ्र, आणि ढिगातून मुलाचा एक पाय बाहेर होता. चप्पल तशीच होती पायात.

लिफ्टच्या दांड्यावर पाटी लटकत होती: 'लिफ्ट बंद आहे. वापरू नये.'

मालक रडला. खोटं कशाला सांगा, खरंच रडला. जनाज्याला खांदाही दिला. आणि संध्याकाळी पोलिसांना त्यानं जबाब दिला की दोर खराब झाल्याचं कळताच आपण सोमवारीच लिफ्ट बंद केली, पाटी लावली; पोरगा अंगात मस्ती असल्यानं पाटी न बघता चढला. तळमजल्यावरच्या नऊ जणांनी माना डोलावल्या. त्यांचीही पोटं त्याच छापखान्याला बांधलेली होती.

तिसऱ्या दिवशी चाचा कबरीवर माती सारखी करायला गेले होते. हातपाय धुवायला नळाशी आले तर तिथं उंट उभा. उंट म्हणजे छापखान्यातला हमाल. लांब मान, सदा काहीतरी चघळत राहणारा, पाठीवर तीन माणसांचं ओझं घेऊन चूं न करणारा, म्हणून उंट. त्या बुधवारपासून तो कामावर दिसला नव्हता.

"चाचा, पाणी सोडू?" त्यानं तोटी फिरवली आणि पाण्याच्या आवाजात बोलला. "मी तिथं होतो. सोमवारी मीच मालकाला म्हटलं, दोराच्या तारा तुटल्यात. मालक म्हणाला, शुक्रवारपर्यंत रेट, पुस्तकं जायचीत. बुधवारी फर्मे हलत होते, म्हणून मालक तुमच्या पोराला म्हणाला, तू बस वर, धरून ठेव. तो म्हणाला, साहेब, दोर बघा. मालक म्हणाला, भितोस काय बायकांसारखा."

"पाहिलंस का?" चाचांच्या तोंडून सवयीनं आलं.

"या डोळ्यांनी. आणि पाटी..." उंटानं चघळणं थांबवलं. "पाटी मी लावली, चाचा. मालकानं लावायला लावली. तेव्हा तुमचा पोरगा आत कण्हत होता."

चाचांनी तोटी बंद केली. पुन्हा उघडली. बंद केली.

"मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही म्हणून सांगितलं," उंट म्हणाला. "पण माझं नाव घेऊ नका. तीन लेकरं आहेत. मी बहिणीच्या गावी चाललो. शपथ घ्या."

चाचा शपथ घेत नसत. "घेणार नाही," म्हणाले. उंटाला तेवढं पुरलं.

चौकशी अधिकारी पंधरा दिवसांनी येणार होता. त्याच्या कागदावर एक ओळ लिहिली जायची होती: मुलगा स्वतःच्या हलगर्जीपणानं मेला, की मालकानं त्याला मारला. बाकी सगळं त्या ओळीमागून येणार होतं. मोहल्ल्यात तर आत्ताच बायका म्हणू लागल्या होत्या, पाटी वाचता येत नव्हती का, बाप तर एवढा वाचणारा.

सुनेला चाचांनी नळावरचं सगळं सांगितलं. ती खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "अब्बा, तुमचं दार लिफ्टसमोर आहे. म्हणा, मी आवाज ऐकून जाळीतून खाली वाकलो, मालक त्याला चढवताना दिसला. कोण नाही म्हणणार?"

"मी पाठ करून बसलो होतो."

"ते तुम्हाला माहीत. अल्लाला माहीत. अधिकाऱ्याला कुठं माहीत?"

"मला आणि अल्लाला माहीत आहे ना."

"त्यातलं खोटं काय आहे पण? शब्दन्‌शब्द खरा आहे. फक्त डोळे दुसऱ्याचे." तिचा आवाज चढला. "अनस तिथं नव्हते, चालतं. इब्ने अब्बास जन्मले नव्हते, चालतं. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला जेवताना? मग तुमच्या मुलाच्या वेळीच का घोडं अडतं?"

"ते पाहिलं असं नाही म्हणाले."

"मग ऐकलं म्हणा."

"कुणाकडून, असं विचारतील."

"एका माणसाकडून, म्हणा."

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. तिला वाटलं, विचार करतायत. ते विचारच करत होते, पण तो वेगळा. 'एका माणसाकडून' या दोन शब्दांखाली त्यांनी आयुष्यभर लाल पेन्सिलीनं रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह केलेलं होतं. असली हकिगत फुंकरीनं उडते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि पाहिलं म्हणायचं, तर पाहिलेलं नव्हतं. राहिली तिसरी वाट. दहा दिवस ते त्या वाटेच्या तोंडाशी बसून होते. जेवण अर्धं, झोप त्याहून अर्धी. सून येता-जाता म्हणायची, "त्या गरिबाचं नाव मात्र घेऊ नका हं. तुम्ही बोललायत त्याला."

चौकशी छापखान्याच्याच ऑफिसात झाली. अधिकारी माणूस सभ्य होता. त्यानं चाचांना आधी पाणी दिलं. मालक भिंतीशी बसला होता, हात मांडीवर.

"तुम्ही काय पाहिलंत?"

"काही नाही. मी पाठ करून होतो."

मागं बाकावर बसलेल्या सुनेनं डोळे मिटले.

"पण मला हे असं कळलं," चाचा म्हणाले, आणि सोमवारपासून बुधवारपर्यंतचं सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. पाटीचंही सांगितलं. मालकाचा चेहरा पीठ सांडल्यासारखा झाला.

"हे कुणी सांगितलं?"

चाचांनी एकदा खिडकीकडं बघितलं. मग नाव सांगितलं. उंटाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याच्या बहिणीचं गाव. कुठं सांगितलं, किती वाजता, तेव्हा तिथं आणखी कोणी नव्हतं, हेही. माळ पुरी केली. सांगताना त्यांचा आवाज प्रूफ वाचताना लागायचा तसा लागला होता, सपाट आणि खात्रीचा. त्यांना वाटलं होतं, माणूस खरा आहे. बोलावला की येईल, आणि विचारलं की सांगेल. वाटसरू आले होते तसे.

"बोलावून घेऊ," अधिकारी म्हणाला. "आठ दिवसांनी."

आठ दिवस पुष्कळ झाले. अधिकाऱ्याचा कागद टपालानं जाईपर्यंत मालकाची गाडी उंटाच्या बहिणीच्या गावी दोनदा जाऊन आली. जुना दोर रातोरात भंगारात गेला आणि नवा आला.

उंट आला तो इस्त्रीच्या शर्टात. मान लांब होती ती खांद्यात गेली होती. काही चघळत नव्हता.

"तुम्ही यांना कबरस्तानात भेटलात?"

"भेटलो, साहेब. दुःख करायला गेलो होतो."

"त्यांना काय सांगितलंत?"

"सब्र करा, म्हटलं."

"लिफ्टबद्दल?"

"मी त्या दिवशी रजेवर होतो, साहेब. मी काही पाहिलं नाही."

अधिकाऱ्यानं चाचांकडं बघितलं. चाचा उंटाकडं बघत होते. रागानं नव्हे, छापलेल्या पानावर भलतीच ओळ आली की ते मूळ प्रत जशी शोधायचे, तसे.

"दुःखात असतो माणूस," मालक हळू आवाजात बोलला. "कानात काहीबाही येतं. आमच्या मनात चाचांबद्दल काही नाही, साहेब. त्यांची खुर्ची तशीच आहे. उद्या आले तरी बसावं."

कारकुनानं लिहिलं. जबाब खरा नोंदला आहे का हे बघून सही करा, म्हणून कागद चाचांपुढं सरकवला. चाचांनी वाचला. आपण बोललो ते आणि उंट बोलला ते, दोन्ही बरोबर उतरलं होतं. खाली अधिकाऱ्याचा शेरा होता: ऐकीव माहिती, सांगणारा इन्कार करतो, मृताने सूचनाफलकाकडे दुर्लक्ष केले. सही केली.

बाहेर पायरीवर सुनेनं त्यांना गाठलं. "तुमचं इमान राहिलं," ती म्हणाली. "माझा माणूस दोषी ठरला, तो बिचारा उंट मालकाच्या दावणीला गेला, आणि तुमचं इमान राहिलं. आता त्याला धुवा आणि वाळत घाला." दोन वाजता तिची पाळी होती. ती न थांबता गेली. त्याच आठवड्यात ती आपल्या भावाकडं राहायला गेली. जाताना घर झाडून गेली.

चौकशीच्या त्याच दुपारी बसथांब्याच्या बाकावर उंट बसला होता. चाचा जाऊन शेजारी बसले.

"उद्यापासून लिफ्टवर घेतलंय मला," उंट म्हणाला. "तुमच्या पोराच्या जागी."

"दोर बघत जा."

"नवा आहे." उंटानं शर्टाची कॉलर सैल केली. "चाचा, मी नाव घेऊ नका म्हटलं होतं. म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"आणि तुम्ही घेणार नाही म्हटलं होतं."

"हो."

"मग?"

चाचांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं होतं त्यांच्याकडं; माळ, तुटलेली कडी, बिननावाचा माणूस, एक्केचाळीस वर्षांचं सगळं होतं. उंटाच्या इस्त्रीच्या शर्टावर मानेपाशी घामाचं वर्तुळ वाढत होतं.

"चुकलो," ते म्हणाले.

बस आली. उंट चढला आणि खिडकीशी बसून समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत राहिला. चाचांनाही त्याच बसनं जायचं होतं. ते चढले नाहीत.