पत्र्यामागची खिडकी

राई गावच्या रामनाथ गावंडांना लोक इंजिनियर समजत, पण ते शिकले होते दहावीपर्यंत. तीस वर्षं बिल्डरांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, भाईंदरच्या कितीतरी इमारती पायापासून उभ्या राहताना पाहिल्या. कुठली भिंत पाणी पिते, कुठली टाइल आतून पोकळ असते, हे त्यांना नुसत्या हातानं कळायचं. साइटची नोकरी सुटल्यावर त्यांनी यातूनच काम काढलं. कुणी जुना फ्लॅट घेणार असेल, तर आधी रामनाथनी जाऊन तो तपासायचा. हातात टाइल वाजवायची काठी, ओल मोजायचं छोटं यंत्र, टॉर्च, आणि खिशात उदबत्तीचा पुडा. उदबत्ती पेटवून खिडकीशी धरायची. धूर बाहेर खेचला गेला तर खोलीला वारा आहे, जागीच घुटमळला तर नाही.

पूनम सागर सोसायटीतला एक जुना फ्लॅट सुचेता आणि नीरज या जोडप्यानं घ्यायचं ठरवलं होतं. दोघं परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून आलेली. नीरज एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, सुचेता चष्म्याच्या दुकानात. तपासणीच्या दिवशी नीरज फोनवर होता. सुचेता मात्र वही घेऊन रामनाथांच्या मागे मागे फिरत होती. इतके प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

"काका, ही भिंत गार का लागते?"

"पावसाची बाजू आहे ताई. ओल मुरलीय. बाहेरून काम झाल्याशिवाय आतला रंग टिकायचा नाही."

तिनं लिहून घेतलं. बाथरूमच्या भिंतीवर आधीच्या मालकाचा गॅसचा गीझर होता. त्याच्याकडे बघत तिनं विचारलं, "हा इथे आत असावा का?"

याचं उत्तर रामनाथांना माहीत होतं. आत बाथरूममध्ये गॅस जळूच नये. पण तेवढ्यात नीरज दारातून म्हणाला, "काका, वायरिंग जुनं आहे. विजेचा लावला की मेन स्विच पडतो म्हणे. सध्या हाच राहू दे ना."

रामनाथनी उदबत्ती पेटवली. खिडकी बाहेरच्या भिंतीला, काचेच्या पट्ट्यांची. धूर सरळ बाहेर गेला.

"खालच्या दोन काचा कायमच्या काढून टाका," ते म्हणाले. "मग चालेल."

"नक्की ना?"

"चालेल."

राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी तिनं त्या काचा काढल्या आणि त्यांना फोटो पाठवला. उत्तरादाखल त्यांनी अंगठा पाठवला.

दिवाळीनंतर तिचा फोन आला, तेव्हा रामनाथ खारी गावात कुणाच्या तरी माळ्यावर टॉर्च घेऊन बसले होते.

"काका, सोसायटी पावसाच्या भिंतीला बाहेरून पत्रे ठोकतेय. ओल थांबेल म्हणतात. मीटिंगमध्ये आम्हाला विचारतायत. हो म्हणू का?"

"म्हणा की. तुमची ती भिंत सुकेल."

"बरं. तुम्ही म्हणता तर हो सांगते."

मिनिटभरसुद्धा बोलणं झालं नाही. तिनं भिंतीचं विचारलं, त्यांनी भिंतीचं सांगितलं. बाथरूमची खिडकी त्याच भिंतीत आहे, हे त्या अंधाऱ्या माळ्यावर त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

जानेवारीत फोन आला तो नीरजचा. आधी त्यांना आवाज ओळखूच आला नाही.

"काका, सुचेता गेली. अकरा दिवस झाले. सकाळी आंघोळीला गेली ती... डॉक्टर म्हणाले, गॅस. पण तुम्ही सांगितलेल्या काचा काढलेल्याच आहेत. मग कसं झालं? मला ते कळल्याशिवाय काही सुचत नाही. येऊन बघता का?"

रामनाथ तडक निघाले. घरात शेजारच्या हंसाबेन होत्या. त्या दिवशी नीरज पहिल्या पाळीला गेला होता. तासभर पाणी वाहतंय म्हणून त्यांनीच वॉचमनला बोलावून दार फोडलं होतं. रामनाथना पाणी देता देता त्या म्हणाल्या, "भाईसाब, पंद्रह दिन से बोलती थी, नहाने के बाद सिर भारी होता है. मैंने ही बोला, ठंडी का है." आणि पदर तोंडाशी धरून आत गेल्या.

बाथरूममध्ये पाऊल ठेवताच रामनाथांच्या लक्षात आलं. दिवसाउजेडी आत काळोख होता. काचा नव्हत्या त्या जागेतून त्यांनी हात बाहेर घातला. वीतभरावर बोटं गार पत्र्याला लागली. पाणी आत यायला नको म्हणून ठेकेदारानं छोट्या खिडक्यांपुरता पत्रा न कापता त्या वरूनच झाकून टाकल्या होत्या.

तरी त्यांनी उदबत्ती पेटवली. धूर खिडकीपर्यंत गेला आणि परत फिरून त्यांच्याच तोंडावर आला.

नीरज दारात उभा होता. "पत्र्यामुळे?"

"हो. हवा यायची वाट बंद झाली."

"म्हणजे चूक त्या ठेकेदाराची."

रामनाथना गप्प राहता आलं असतं. तो फोन नीरजला माहीतच नव्हता, आणि ज्या दोघांना माहीत होता त्यातलं एक माणूस गेलं होतं.

"पत्रे लावू का म्हणून तिनं मला विचारलं होतं," ते म्हणाले. "मी लावा म्हटलं. खिडकीचं माझ्या ध्यानात आलं नाही."

नीरजनं खिडकीबाहेरच्या पत्र्याकडे पाहिलं.

"मला नाही सांगितलं तिनं."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? गॅसला ती खिडकी लागते, हे तिला कुठे माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो," रामनाथ म्हणाले. "आणि गीझर तर मी पहिल्याच दिवशी काढायला लावायला हवा होता."

नीरजनं त्यांच्या हातातली उदबत्ती घेतली, नळाखाली धरून विझवली आणि कोपऱ्यात टाकली. "जा तुम्ही आता," तो म्हणाला. आवाज चढला नाही.

रामनाथ खाली उतरले, पण घरी गेले नाहीत. सोसायटीच्या चेअरमनकडे गेले आणि त्यांना हाताला धरून भिंतीखाली आणलं. सात मजले, मजल्याला दोन बाथरूम, चौदाच्या चौदा खिडक्या पत्र्याआड. नऊ घरांत गॅसचे गीझर निघाले. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस ते परांचीवर बसणाऱ्या कामगारांच्या खाली उभे राहिले आणि एकेक खिडकी कापून मोकळी करून घेतली. गीझर बंद करा म्हणून दारोदार फिरले. कुणी ऐकलं, कुणी दार लावून घेतलं. नीरज रोज कामाला जाताना त्यांच्या शेजारून जायचा. त्यानं एकदाही मान वळवली नाही, आणि रामनाथनीही हाक मारली नाही.

घरी त्यांचं बोलणं बंद झालं. ताट समोर आलं की दोन घास खाऊन उठायचे. त्यांची बायको जिजाबाई महिनाभर बघत होती. एके दुपारी ती ओटीवर त्यांच्याजवळ येऊन बसली.

"पत्रं त्या ठेकेदारानं मारलं. तुमी न्हाय," ती म्हणाली. "सोसायटीनं बघलं न्हाय. तो गीझर तिच्या नवऱ्यालाच पायजे व्हता. सगलं तुमी एकल्यानं कशाला घेताव डोक्यावर?"

"त्यांनाही हायच," रामनाथ म्हणाले. "पन तिनं इचारलं व्हतं मला. त्यांना न्हाय."

जिजाबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते रडले. अंगणात मासळी वाळत होती, कावळे येऊन ती उचलत होते, आणि दोघांतलं कुणीच त्यांना हाकलायला उठलं नाही.

मार्चअखेर नीरजनं फ्लॅट भाड्यानं दिला आणि परळला आईकडे परतला. हे रामनाथना हंसाबेननी फोन करून सांगितलं. भाडेकरू कोण आहेत, लहान मुलं आहेत का, गीझर निघाला का, असं रामनाथनी एकामागून एक विचारलं. निघाला, हंसाबेन म्हणाल्या; नीरजनं जायच्या आधी स्वतःच उखडून काढला, भिंतीला मोठं भगदाड पडलंय.