दहा तासांची मनाई

नातीच्या बारशाच्या सकाळी माझ्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी ब्रॅम्पटनच्या घरी शिऱ्याचा रवा भाजत होते.

"अगं, स्केलवर अडवलं," ते म्हणाले. स्केलवर ट्रकचं वजन करतात आणि ड्रायव्हरचे तासही तपासतात. बर्फामुळे हायवे बंद पडला होता, म्हणून वेळेवर पोचायला हे ठरलेल्या तासांपेक्षा जास्त चालवत आले होते. ट्रकमधलं यंत्र सगळं टिपून ठेवतं. "आउट ऑफ सर्व्हिस केलंय मला. दहा तास ट्रक चालवायचा नाही."

"अहो, बाराला बारसं आहे! घर पाहुण्यांनी भरलंय. तासाभराचं तर अंतर राहिलंय. या ना हळूहळू. कोण बघतंय?"

कोण बघतंय! इतकी वर्षं या देशात काढून हे मी म्हणाले. हवालदाराची पाठ वळली की गाडी सुरू, ही तिकडची सवय माझ्या जिभेवरून गेलीच नव्हती.  ते म्हणाले, "बघतो."

लेक हटून बसली होती. "आई, वी आर नॉट स्टार्टिंग विदाउट बाबा." एक वाजून गेला. हे फोन उचलत नव्हते. पाहुणे ताटकळले, बाळ रडून लाल झालं. शेवटी बाळाच्या आत्याने तिच्या कानात नाव सांगून टाकलं.

त्यानंतर फोन आला. स्केलपासून थोड्याच अंतरावर त्यांना पुन्हा पकडलं होतं. "न्यायला येतेस?"

मी गाडी काढली आणि तासाभरात पोचले. ओकव्हिलला नोकरीला मी रोज याच गाडीने जाते, हायवे काही मला नवा नाही. मग सकाळीच "ट्रक राहू दे तिथेच, मी येते न्यायला" म्हणायला काय झालं होतं मला? मनाई ट्रक चालवायला होती, घरी यायला नव्हती. पण तेव्हा मला रवा करपण्याची काळजी.

परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "नाव काय ठेवलं?" मी सांगितलं. ते त्यांनी हळूच दोनदा म्हणून पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. 

पुढे कोर्ट झालं, दंड झाला, काही महिने लायसन्स गेलं. कंपनीने काढून टाकलं. लायसन्स परत मिळालं, पण ऑर्डर मोडल्याचं रेकॉर्डवर आहे. ते बघून इन्शुरन्सवाले नको म्हणतात आणि मग दुसरी कंपनीही घेत नाही. आता ते एका वेअरहाउसमध्ये खोके लावतात. ट्रकबद्दल बोलणं त्यांनी सोडलंय.

मध्ये एकदा राहवलं नाही आणि मी म्हणाले, "माझ्यामुळे झालं. मी सकाळीच यायला हवं होतं."

"छे गं," ते म्हणाले, "तू येते म्हणाली असतीस, तरी मी नकोच म्हणालो असतो."

हे साफ खोटं आहे. ते स्केलच्या दारात माझी वाट बघत उभे राहिले असते.