दवाखान्यामागची राख

तान्ह्या पोळ्याचा दिवस, सकाळ. आमच्या तांड्यावर, माझ्याच ओसरीत हजर: डॉक्टर, सरपंच, माझी याडी, म्हणजे आई, आणि बचत गटाची सचिव म्हणून मी. विषय एकच. दवाखान्यामागच्या खड्ड्यात सलाइनच्या नळ्या, सुया, रक्ताच्या पट्ट्या जाळतात आणि धूर तांड्यावर येतो.

याडीनं डॉक्टरांपुढे पाण्याचा पितळी गडवा ठेवला. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला नाही. दोन बोटांनी गडवा दूर सारला. पाणी सांडलं.

"तांड्यातलं पाणी नको. आणि धुराचं काय एवढं? तुमच्या चुली कमी धूर करतात का? तुम्हा लोकांना सवयच असते."

सरपंच हसले. "साहेब आले हेच लय झालं, बाई. आता कायले वाढवता?"

बैठका घेणारी, चार बायांना बोलायला लावणारी मी खाली पाहत राहिले. साहेबापुढे खाली पाहायचं, हे लहानपणीच अंगात मुरलेलं.

याडी मात्र साधेपणानं बोलली. "कायले सारता साहेब? सोच्छ हाये. तुमच्याच राखेनं घासला. दवाखान्यामागची. लय बारीक निघते. साऱ्या बाया नेतात."

खरं होतं. तांड्यात गॅस आला, चुली विझल्या, पण भांडी राखेनंच घासायची सवय सुटली नाही. राख उरली होती फक्त त्या खड्ड्यात.

डॉक्टर ताडकन उठले. "ती राख हातात घेता? अक्कल आहे का? विष आहे ते!"

विष. त्यांच्याच तोंडून.

मी मान वर केली. "मग तेच नाकातून जातं तेव्हा काय असतं, डॉक्टर?"

डॉक्टर ओसरी उतरले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

त्याच हिवाळ्यात याडी गेली. शेवटी धाप लागली की म्हणायची, "खिडकी लाव." खिडकी लावलेलीच असायची. अजून भाकरी मोडताना माझ्या बोटांना जळक्या रबराचा वास येतो. साबण लावून झाला, लिंबू चोळून झालं.

घरोघरची राख मी डब्यांत भरली, डब्यांवर घरांची नावं टाकली, तहसीलला नेली. "हे इथं ठेवू नका," म्हणाले. परत आणली. पुन्हा नेणार. घेईपर्यंत नेणार. गडवाही नेणार. तो मी तेव्हापासून घासलेला नाही, काळा पडलाय.

आज सकाळीही धूर होता. खड्डा बुजवायचा राहिलाय.