काट्यावरून उत्तर नाही

संगणकासमोर बसले की सुभेदार आधी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायचे. मग काळ्या पडद्यावर ‘पिंग’ टाइप करून पुढे एकेका मशीनचा नंबर द्यायचे आणि पुटपुटायचे, "कोन हाय तिकडं?" तिकडून उत्तराच्या ओळी आल्या की समजायचं, वायर शाबूत, मशीन चालू. मग बटण सोडून चहा मागवायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात ते आमच्या संगणक विभागाचे प्रमुख होते. मूळ माण तालुक्यातले, सैन्यात सिग्नलला नोकरी झालेली. माणसांपेक्षा मशीनवर त्यांचा जीव जास्त, असं आम्ही म्हणायचो. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल.

उसाच्या वजनकाट्यावरच्या तात्यांशी मात्र त्यांचं बोलणं बंद होतं. ऐन मार्चमध्ये सुभेदारांनी तात्यांच्या केबिनमधला टेबलफॅन उचलून आमच्या मुख्य मशीनपुढे आणून ठेवला. तात्या भांडायला आले, तेव्हा सुभेदार शांतपणे म्हणाले, "घाम आला म्हणून मानूस बंद पडत न्हाई." त्यानंतर कामाचे निरोपही माझ्यामार्फत जायचे. काट्याचं मशीन मात्र ते दिवसातून कितीतरी वेळा पिंग करून बघायचे.

पुढच्या हंगामात एका सकाळी काट्याकडून येणारं उत्तर एकदम थांबलं. फोनही लागेना. तात्यानं मुद्दाम बंद केलंय, असं म्हणत सुभेदार वायर आणि पक्कड घेऊन तरातरा निघाले. मी मागोमाग.

उसाची एक ट्रॉली चाक निखळून तात्यांच्या केबिनच्या दारावर कलंडली होती. टेलिफोनची तारही तिनंच तोडली होती. ट्रॅक्टरवाल्यांचा एवढा गलका चालला होता, की आत माणूस अडकलाय हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मागच्या खिडकीच्या गजांआड तात्या घामानं निथळत उभे होते.

"मशीन का बंद केलंस?" सुभेदारांनी विचारलं.

"हाका मारून मारून घसा बसला, कोन येईना. मशीन गप झालं की तू येतोस, म्हाईत हाय मला."

सुभेदारांनी पक्कड खिशात घातली. मग कुठं लागलंय का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी तात्यांना आधी मशीन चालू करायला लावलं आणि उत्तर येतंय का बघायला मला ऑफिसात पिटाळलं. येत होतं. सांगायला परत गेलो, तर स्वारी खिडकीखाली पालथ्या बादलीवर चढून गजांतून तात्यांना चहाचा ग्लास देत होती. ट्रॉली हलेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. दुपारी टेबलफॅन स्वतः खांद्यावर घेऊन पोचवून आले. आमच्या मुख्य मशीनसाठी त्यांनी फक्त खिडकी उघडून दिली.

पुढं सुभेदार निवृत्त झाले. निरोप समारंभानंतर ते गावाकडं जायला दहिवडीच्या एसटीसाठी निघाले, तर तात्यांनी अडवलं आणि थेट गावी सोडतो म्हणत आपल्या मोटारसायकलवर मागे बसवलं. गेटवर दोघांची जुंपली. सुभेदारांना विट्यावरून जायचं होतं, तात्यांना कऱ्हाडवरून. शेवटी गाडी कऱ्हाडच्या बाजूला गेली.

आम्ही गेटवरच रेंगाळलो होतो. थोड्याच वेळात तीच मोटारसायकल आमच्यासमोरून उलट, विट्याच्या दिशेला गेली. चालवत होते सुभेदार, मागे मांडीवर त्यांची ट्रंक धरून तात्या. दोघांपैकी एकानंही आमच्याकडे बघितलं नाही.