पाणमांजराची नक्कल

लोणी काळभोरच्या पुढे नदीत एक छोटं बेट आहे आणि त्याच्या कडेकडेनं पाणमांजरं राहतात. बायको गेल्यापासून दर शनिवारी सकाळी मी समोरच्या काठावर एकटाच बसून त्यांना बघतो. मासा दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून ती कराकरा खातात आणि मग एकमेकांच्या अंगावर लोळतात.

रविवारी कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर मी त्याचा साग्रसंगीत प्रयोग करतो. माशाच्या जागी खारी असते. लोळूनही दाखवतो. लोक पोट धरधरून हसतात.

"मग येता का शनिवारी? गाडी माझी, चहाही माझा," मी दरवेळी विचारतो.

"अहो, तुम्ही इथेच इतकं हुबेहूब करता, मग उन्हात तिथवर कोण जाणार?" शेजारी म्हणतात.

म्हणून गेल्या रविवारी मी मुद्दाम प्रयोग पाडला. लोळलो नाही, खारी चहात बुडवून मुकाट्यानं खाल्ली. म्हटलं, आता तरी खरी पाणमांजरं बघायला कुणी येईल.

"आज बरं वाटत नाही का तुम्हाला?" शेजाऱ्यांनी काळजीनं विचारलं आणि ते हात धरून मला घरी सोडायला निघाले.

घर दोन मिनिटांवर आहे. मी चांगली पंधरा मिनिटं लावली.